काळी नसलेली ‘काळी बुरशी’

परळच्या केईएम रुग्णालयात २०२१च्या मे-जून महिन्यांत एक वेगळ्याच प्रकारचे रुग्ण येऊ लागले होते. त्यांपैकी बहुतेक जण करोनातून नुकतेच उठलेले. कोणाचे नाक चोंदलेले, कोणाचा गाल बधिर झालेला, कोणाची एका डोळ्याची पापणी उतरलेली, तर कोणाचे वरचे दात हलू लागलेले. टाळूवर काळा चट्टा दिसला की डॉक्टरांचा चेहरा गंभीर होई. म्युकरमायकोसिस! वैद्यकीय विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात हा रोग पानभरात भेटतो आणि परीक्षेनंतर सहसा विसरला जातो. त्या उन्हाळ्यात मात्र तो नाक-कान-घसा विभागापासून नेत्र, दंत आणि मेंदूशल्य विभागांपर्यंत सर्वांच्या दारात उभा राहिला. जुलै २०२१च्या मध्यापर्यंत देशभरात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतील नऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले होते, तर देशातील मृतांचा आकडा चार हजारांपलीकडे गेला होता.

मे महिन्यातच केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीय करण्यास सांगितले. हा कायदा १८९७चा आणि तो जन्मला मुंबईतल्याच प्लेगमुळे. त्याच प्लेगवर लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. केईएम आणि हाफकिन दोन्ही एकाच आचार्य दोंदे मार्गावर आहेत. अर्थात, प्लेग हा जिवाणूंचा रोग. २०२१मध्ये ज्या दोघांनी मिळून घात केला, त्यांपैकी एक विषाणू होता आणि दुसरी बुरशी. सर्वसामान्य माणूस या तिन्हींना ‘जंतू’ या एकाच शब्दात गुंडाळतो आणि तिन्हींवर ‘अँटिबायोटिक’ मागतो. ही गफलत वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

विषाणू ही पेशीच नव्हे. थोडेसे जनुकीय द्रव्य आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, काहींवर मेदाचे आवरण, एवढाच त्याचा संसार. त्याला स्वतःचे स्वयंपाकघर नाही. तो माणसाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपली पिल्ले शिजवून घेतो. त्यामुळे त्याच्यावर औषध शोधायचे तर मारायचे कशावर, हा प्रश्न पडतो. त्याचे स्वतःचे असे फार थोडे असते. जे असते तेवढेच हेरावे लागते. नागिणीवर दिले जाणारे असायक्लोव्हिर हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. ते नागिणीच्या विषाणूच्या स्वतःच्या विकराने पेटवल्याशिवाय जागे होत नाही, म्हणून निरोगी पेशींना त्याची फारशी झळ लागत नाही.

बुरशीची अडचण नेमकी उलटी आहे. ती पूर्ण पेशी आहे, केंद्रक असलेली, आपल्यासारखीच. जीवसृष्टीच्या वंशवृक्षावर बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, हे ऐकून विद्यार्थ्यांना आजही आश्चर्य वाटते. शत्रू इतका नात्यातला असेल तर त्याला घातलेले विष आपल्यालाही बाधणारच. दोघांत जे मोजके फरक आहेत, त्यांतील एक पेशीच्या आवरणातला. माणसाच्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन-बी हे औषध अर्गोस्टेरॉलला धरते आणि बुरशीच्या पेशीची वाट लावते. पण ते कोलेस्टेरॉललाही थोडेफार धरतेच. मूत्रपिंडे दुखावतात, रक्तातील पोटॅशियम घसरते. मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवलेला त्याचा लायपोसोमल प्रकार पुष्कळ सौम्य आहे, पण महाग. ५० मिलिग्रॅमच्या कुपीत ते मिळते आणि किलोमागे दिवसाला किमान ५ मिलिग्रॅम द्यावे लागते. ६० किलोच्या रुग्णाला रोज सहा कुप्या. तीन आठवड्यांच्या सव्वाशे. असे हजारो रुग्ण एकाच महिन्यात उभे राहिले, तेव्हा नातेवाईक शहरभर औषधांच्या दुकानांचे उंबरे का झिजवत होते, याचा उलगडा या साध्या गुणाकारातून होतो.

पण मुळात ही बुरशी आली कोठून? ती कोठून आलीच नव्हती. ती इथेच होती. रायझोपस आणि तिची भावकी माती, शेणखत, कुजका पाला, शिळा पाव अशा सर्व ठिकाणी असते. तिचे बीजाणू आपण रोज श्वासावाटे आत घेतो आणि नाकाच्या अस्तरातील रक्षक पेशी ते निमूटपणे निकालात काढतात. पृथ्वीवरील बुरशींच्या जाती लाखोंच्या घरात असल्याचे मानले जाते. माणसाला आजारी पाडणाऱ्या जाती मात्र काही शेकड्यांपलीकडे जात नाहीत. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ऊबच सोसत नाही, आणि ज्यांना सोसते त्यांना आपली प्रतिकारशक्ती पुरून उरते. म्हणूनच बुरशीचा गंभीर रोग दिसला की चतुर डॉक्टर बुरशीइतकाच यजमानाचा शोध घेतो. हे दार कोणी उघडले?

२०२१मध्ये दार उघडणारे हात एकाहून अधिक होते. पहिला मधुमेह. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले की एरवी प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेले लोह मोकळे होते, आणि लोह हे या बुरशीचे आवडते खाद्य. भारतात करोनापूर्वीही म्युकरमायकोसिसचे प्रमाण जगाच्या कितीतरी पट अधिक होते, याचे मोठे कारण हेच मानले जाते. दुसरा हात खुद्द विषाणूचा. त्याने काहींची साखर आणखी बिघडवली आणि शरीराची संरक्षणव्यवस्था विस्कटून टाकली. तिसरा हात औषधाचा, आणि तोच सर्वांत अवघड जागचा. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२०मध्ये दाखवले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवते. त्याच चाचणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र फारशी कोणी ऐकली नाही. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना या औषधाचा काहीच लाभ झाला नव्हता. तरीही घरी बसलेल्या, साध्या तापाच्या रुग्णांनाही स्टेरॉइड दिले गेले, कधी जास्त मात्रेत, कधी जास्त दिवस. स्टेरॉइड साखर चढवते आणि रक्षक पेशींना झोपवते. औद्योगिक प्राणवायू, आर्द्रकातील पाणी, जस्ताच्या गोळ्या यांच्याकडेही बोटे दाखवली गेली. त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा हाती आला नाही.

आता ‘काळी’ या विशेषणाविषयी. म्युकर गटातील बुरशी काळ्या बुरशींच्या वर्गात मोडत नाही. खऱ्या काळ्या बुरशी वेगळ्या, त्यांच्या भित्तिकेतच काळे रंगद्रव्य असते. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरते. आत गुठळी होते, रक्तपुरवठा थांबतो आणि पुढचे मांस मरते. टाळूवर दिसणारा काळेपणा हा त्या मेलेल्या मांसाचा. यातून उपचाराचे एक कठोर सूत्र निघते. जिथे रक्त पोहोचत नाही, तिथे रक्तातून दिलेले औषधही पोहोचत नाही. म्हणून मेलेला भाग कापून काढावाच लागतो, मग तो जबडा असो, वा डोळा. एका दिवसाचा उशीर कधी कधी एका डोळ्याच्या किमतीचा असतो.

अशा वेळी सर्वांत उपयोगी पडते ते प्रयोगशाळेतील सर्वांत जुने तंत्र. नाकातून घेतलेला तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की अल्पावधीत उत्तर मिळते. रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदेविरहित तंतू, काटकोनाच्या आसपास फुटलेल्या फांद्या, असे दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले, तिरप्या फांद्यांचे तंतू असतील तर बहुधा अस्परजिलस. हा भेद केवळ तोंडी परीक्षेपुरता नाही. अस्परजिलसवर पहिल्या पसंतीचे मानले जाणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. रक्तातील बीटा-डी-ग्लुकनची चाचणीही म्युकरच्या बाबतीत सहसा नकारार्थीच येते. आणखी एक बारकावा असा की, तुकडा खलबत्त्यात वाटला तर पडदे नसलेले हे तंतू मरतात आणि संवर्धनात काहीच उगवत नाही. तो सुरीने बारीक चिरावा लागतो. मरणाऱ्या रुग्णाचा अहवाल ‘बुरशी आढळली नाही’ असा येण्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

विषाणूने दार उघडावे आणि बुरशीने आत यावे, हे पहिल्यांदाच घडलेले नाही. एचआयव्हीच्या रुग्णांना क्रिप्टोकॉकस या किण्वासारख्या बुरशीने होणारा मेंदुज्वर डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हेच दार रसायनोपचारामुळे किलकिले होते. तरीही औषधे अपुरी आहेत आणि माणसासाठी मान्यताप्राप्त अशी बुरशीवरील एकही लस नाही. जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली ती थेट ऑक्टोबर २०२२मध्ये. तीत १९ नावे आहेत. या क्षेत्रात महाराष्ट्राच्या मातीचाही एक हिस्सा आहे, तोही शब्दशः. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक मिळवले. ते अँफोटेरिसिनच्याच कुळातले. पोटातून घेतले तर ते नीट शोषले जात नाही, त्यामुळे त्याचा उपयोग वरून लावण्यापुरता मर्यादित राहिला.

म्युकरची लाट ओसरली, पण स्टेरॉइड आणि बुरशी यांची जोडगोळी रोजच्या लोकलच्या गर्दीत आहेच. पावसाळ्यात घामेजलेल्या कपड्यांत जांघेत किंवा कमरेला नायटा उठतो. रुग्ण दुकानातून एखादे ‘तीन-गुणी’ मलम आणतो. त्यात बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरत राहते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणारी नायट्याची एक जात २०२०मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांत ओळखली आणि तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. स्टेरॉइड असलेली १४ प्रकारची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्राने मार्च २०१८मध्येच काढला आहे. मलमाच्या नळीवरील बारीक अक्षरांतली घटकद्रव्यांची ओळ विकत घेण्यापूर्वी वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.