दही चांगले, पण बर्फाचे काय?

महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते, तेव्हा थंडी सरत आलेली असते आणि वैनगंगेच्या काठावर दुपारचे ऊन चांगलेच चटकू लागते. चामोर्शी, मूल, गडचिरोली, चंद्रपूरकडून कुटुंबेच्या कुटुंबे दर्शनाला येतात. देवळातून बाहेर पडले की मुलांची मागणी एकच, काहीतरी थंड हवे. लस्सी, मठ्ठा, कुल्फी, सॉफ्टी, गोळा यांपैकी जे समोर दिसेल ते. मोठ्या शहरांत आता ‘फ्रोझन योगर्ट’ही मिळते. नाव नवे असले तरी वस्तू ओळखीची आहे. गोड दही घुसळत घुसळत गोठवायचे, की झाले फ्रोझन योगर्ट.

मुलांचा हा हट्ट जरूर पुरवावा. प्रश्न एवढाच की कोणत्या दुकानातून? बहुतेक जण चव, भाव आणि गर्दी पाहून ठरवतात. डॉक्टर म्हणून माझा आग्रह आहे की आधी बर्फ, पाणी आणि भांडी पाहावीत.

दह्यापासून सुरुवात करू. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. दूध ज्यांना पचत नाही, अशा अनेकांना दही म्हणूनच सोसते. या आंबटपणात रोगजंतूंची वाढही मंदावते. त्यामुळे ताजे, घट्ट, झाकून ठेवलेले दही तसे भरवशाचे असते. लस्सीत बिघाड होतो तो बहुधा दह्यात नंतर पडणाऱ्या गोष्टींमुळे, म्हणजे बर्फ, पाणी, आधीपासून चिरून ठेवलेली फळे आणि एकाच बादलीत बुचकळून काढलेले ग्लास.

थंडीने जंतू मरत नाहीत

‘बर्फात कसले आले जंतू?’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात थंडीने जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. दह्यातले चांगले जिवाणू जसे गोठल्यावरही बऱ्याच प्रमाणात टिकतात, तसेच वाईटही टिकतात. अमेरिकेत 1994 मध्ये साल्मोनेला जंतूने दूषित झालेल्या आइस्क्रीममुळे सुमारे 2 लाख 24 हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला होता. आइस्क्रीमचे मिश्रण ज्या टँकरमधून नेले, त्यातूनच आधी कच्च्या अंड्यांचा द्रव नेलेला होता. कारखाना मोठा, यंत्रे आधुनिक, मालही गोठलेला, तरीही जंतू जिवंत राहिले.

बर्फाचेही दोन प्रकार असतात. खाण्याचा बर्फ पिण्यायोग्य पाण्यापासून करावा लागतो. मासळी किंवा इतर माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ कोणत्या पाण्याचा असेल याची खात्री नसते. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून 2018 मध्ये महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती करण्यात आली. निळसर बर्फ दिसला तर तेथून निघावे. मात्र पांढरा बर्फ चांगलाच असेल, असेही समजू नये. गोणपाटात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली, तेथेच फोडलेली लादी ग्लासात जाण्याच्या लायकीची नसते.

दोन मिनिटांची पाहणी

ऑर्डर देण्याआधी पुढील गोष्टी पाहा.

• एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक दुकानात लावलेला आहे का? त्याने स्वच्छतेची हमी मिळत नाही, पण दुकानाची नोंद आहे एवढे कळते.

• पैसे घेणारा हात आणि पदार्थ देणारा हात वेगळा आहे का? डाव किंवा चमचा दिवसभर एकाच गढूळ पाण्यात उभा तर नाही?

• कुल्फी किंवा कप वेडावाकडा झालेला, कागदाला चिकटलेला, वर बर्फाचे खडे आलेले असे आहे का? तसे असेल तर माल एकदा वितळून पुन्हा गोठवलेला असण्याची शक्यता आहे. वीज वारंवार जाते तेथे हे अधिक पाहावे.

• सॉफ्टी किंवा फ्रोझन योगर्टचे मशीन असेल तर ते रोज कधी धुता, असे सरळ विचारा. मशीनच्या नळीत आणि तोटीत दुधाचा साका बसतो आणि तेथे जंतू वाढतात. नीट चालवणारा दुकानदार या प्रश्नाने रागावत नाही.

• पाकिटावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’? फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेले असू शकते. ते विषारी नाही, पण आपण कशाचे पैसे देतो हे माहीत असावे.

साखरेचाही थोडा हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. ग्लासभर लस्सीत चार चमचे साखर पडली की सुमारे 20 ग्रॅम तेथेच झाली. ‘दह्याचे आहे, म्हणजे पौष्टिक’ असे म्हणून मधुमेहींनी दुसरा ग्लास घेऊ नये. साखर कमी घालायला सांगावे किंवा मठ्ठा घ्यावा.

सिकलसेल असलेल्या मुलांसाठी

चंद्रपूर-गडचिरोलीत ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण सिकलसेलचे रुग्ण आपल्या भागात बरेच आहेत. या आजारात पाणथरी लहानपणीच निकामी होऊ लागते आणि काही जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद कमी होते. साल्मोनेला त्यांपैकीच एक. इतरांना दोन दिवसांचे जुलाब देऊन जाणारा हा जंतू सिकलसेलच्या मुलात रक्तात शिरून हाडापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की रक्तपेशी अधिक विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडतात आणि असह्य वेदना सुरू होतात.

म्हणून अशा मुलाला दही-आइस्क्रीम बंद, असा अर्थ काढू नये. स्वच्छ कपातले थंड दही त्याला चालते. त्याला टाळायचे आहेत ते उघडा गोळा, अनोळखी बर्फ आणि थंड पाण्यात तासन् तास डुंबणे. पिण्याचे पाणी घरून भरून घ्यावे आणि दिवसभर थोडे थोडे पाजत राहावे.

यात्रेत मनासारखे दुकान दिसले नाही, तर बंद पाकिटातले ताक किंवा दही तारीख पाहून घ्यावे. घरीही हा पदार्थ सोपा आहे. दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का करावा, त्यात पिकलेली केळी कुस्करावी, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि तासातासाने दोन-तीनदा ढवळावे. केळी गोड असली तर साखर लागतही नाही.

एवढे करूनही जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावी. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. शौचात रक्त, जोराचा ताप, न थांबणारी उलटी, लघवी कमी होणे किंवा मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात लगेच न्यावे. सिकलसेलच्या मुलाच्या बाबतीत या खुणांची वाट पाहू नये. ताप आला किंवा हातपाय दुखू लागले की त्याच दिवशी दाखवावे आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.