घामाचा हिशेब: अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत सप्टेंबर ते डिसेंबर हा कॉलेज फुटबॉलचा हंगाम आणि शनिवार हा त्याचा हक्काचा वार. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका सामन्याला लाखाहून अधिक माणसं जमतात आणि त्याच्या कितीतरी पट लोक टीव्हीसमोर बसलेले असतात. तिकिटं, प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक, जर्सींची विक्री यांतून प्रचंड पैसा उभा राहतो. पण ज्यांना पाहायला हे सारे येतात, त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना या पैशातला वाटा घ्यायला कित्येक दशकं मनाई होती. 1 जुलै 2025 पासून मोठ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, तरी वाद शमलेला नाही. भारतातली मुलंही या व्यवस्थेत खेळतात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 मध्ये कॉलेज टेनिसचा एकेरीतला राष्ट्रीय विजेता ठरला. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघात होती. मुलांना तिकडे पाठवण्याचं स्वप्न पाहणाऱ्या इथल्या पालकांनीही म्हणून हा प्रश्न समजून घ्यायला हवा. माझं मत स्पष्ट आहे: जिथे कॉलेजचा खेळ हा धंदा झाला आहे, तिथे खेळाडूला मोबदला मिळालाच पाहिजे आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत खेळाडूही बसलेला असला पाहिजे. या मताच्या आड जे समज येतात, ते एकेक करून तपासू.

गैरसमज 1: पैसे द्यायला कायद्यानेच बंदी होती.

वस्तुस्थिती: असा कायदा अमेरिकेच्या संसदेने कधीच केला नाही. बंदी होती ती 'एनसीएए' या कॉलेजांच्याच संघटनेच्या नियमांची. फुटबॉलच्या मैदानावर खेळाडू मरू लागले म्हणून 1905 मध्ये ओरड झाली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातलं आणि 1906 मध्ये ही संघटना जन्माला आली. आज तिच्यात सुमारे 1100 कॉलेजं आणि पाच लाखांहून अधिक खेळाडू आहेत. एखाद्या उद्योगातल्या सगळ्या मालकांनी एकत्र बसून मजुरीचा दर बांधला, तर तो अमेरिकेच्या 1890 च्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरतो. कॉलेजांना मात्र यातून सवलत आपोआप मिळत गेली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची संघटनेची पकड मोडली आणि आपापल्या सामन्यांचे हक्क विकायची वाट कॉलेजांना मोकळी झाली. त्याच निकालपत्रात हौशी खेळाच्या परंपरेचं कौतुकही होतं. तेवढ्या मजकुराच्या आधारावर संघटनेने पुढे तीन दशकांहून अधिक काळ खेळाडूंचे दावे परतवले. अशा रीतीने बाजार कॉलेजांसाठी उघडला आणि खेळाडूंसाठी बंदच राहिला. या भिंतीला पहिलं मोठं भगदाड एड ओबॅनन याने पाडलं. 1995 मध्ये यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या या खेळाडूला अनेक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिमा दिसली: तोच संघ, तोच डावा हात, तीच 31 क्रमांकाची जर्सी. नाव तेवढं नव्हतं आणि पैसेही नव्हते. 2009 मध्ये त्याने दावा लावला आणि 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी संघटनेच्या विरोधात निकाल दिला. पुढे 21 जून 2021 रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी, शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेली मर्यादा बेकायदा ठरवली. 1984 च्या निकालातलं ते कौतुक बंधनकारक नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

गैरसमज 2: पैसा आला की खेळाचं पावित्र्य जातं आणि प्रेक्षक पाठ फिरवतात.

वस्तुस्थिती: पैसा येऊन जमाना झाला. दर मार्चमध्ये होणाऱ्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण कराराला 2016 मध्ये आठ वर्षांची मुदतवाढ मिळाली, ती 880 कोटी डॉलरला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर हा गव्हर्नर नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. प्रशिक्षकाने कोट्यवधी डॉलर घेतले तर पावित्र्य टिकतं आणि खेळाडूने काही हजार घेतले तर ते भंगतं, या म्हणण्याला तर्काचा आधार नाही. राहता राहिला प्रेक्षकांचा मुद्दा. ऑलिंपिकमध्येही एकेकाळी हौशीपणाची अट होती. ती गेल्यावर 1992 मध्ये बार्सिलोनात अमेरिकेचे व्यावसायिक बास्केटबॉलपटू उतरले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. कॉलेज खेळातही तेच घडलं. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींना देऊन कमावता येऊ लागलं. आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत दिसू लागली. एप्रिल 2024 मध्ये तिच्या संघाची साउथ कॅरोलिनाविरुद्धची अंतिम लढत सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली. त्याच वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला सुमारे 1 कोटी 48 लाख प्रेक्षक होते. खेळाडू कमावते आहेत हे ठाऊक असूनही लोक आले, उलट अधिक संख्येने आले.

गैरसमज 3: फुकट शिक्षण मिळतं, तोच मोबदला.

वस्तुस्थिती: शिष्यवृत्तीची किंमत मोठी असते, हे मान्यच केलं पाहिजे. कर्जाशिवाय पदवी मिळणं ही अमेरिकेत लहान गोष्ट नाही. पण ती सगळ्यांना मिळत नाही. संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत आणि वरच्या श्रेणीतही अनेक खेळांत ती तुकड्यातुकड्यांनी वाटली जाते. शिवाय तिच्या बदल्यात काय द्यावं लागतं, हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंच्या प्रकरणात कागदोपत्री आलं. 2014 मध्ये राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या शिकागोतल्या विभागीय संचालकांनी साक्षीपुरावे तपासले. ऑगस्टच्या सराव शिबिरात आठवड्याला 50 ते 60 तास आणि हंगामात 40 ते 50 तास फुटबॉलसाठी जात होते. बाहेर काम करायचं तर परवानगी, समाजमाध्यमांवर काय लिहिलं त्यावर नजर, आणि संघ सोडला की शिष्यवृत्ती जाण्याची टांगती तलवार. हे मजुरीचंच नातं आहे, असा निष्कर्ष संचालकांनी काढला. पुढच्या वर्षी मुख्य मंडळाने प्रकरण हाताळायलाच नकार दिला, मात्र खेळाडू कर्मचारी नाहीत असंही म्हटलं नाही. त्याच 2014 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियर याने, काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो, असं उघडपणे सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा संघटनेने उठवली. आणि जे शिक्षण हाच मोबदला म्हणायचा, ते तरी खरं असतं का? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात 1993 ते 2011 या काळात, जिथे वर्गच भरत नव्हते अशा नावापुरत्या अभ्यासक्रमांना तीन हजारांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. सरावाने दिवस खाऊन टाकला आणि वर पदवीही पोकळ निघाली, तर त्या मुलाच्या पदरात काय पडलं?

गैरसमज 4: पैसे दिले तर कॉलेजं बुडतील आणि मुलींचे खेळ बंद पडतील.

वस्तुस्थिती: या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून चालणार नाही. बहुतेक कॉलेजांच्या क्रीडा विभागांचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त असतो आणि तूट विद्यार्थ्यांच्या फीमधून किंवा विद्यापीठाच्या तिजोरीतून भरली जाते. पण सर्वात श्रीमंत कॉलेजांची तूट वेगळ्या जातीची आहे. तिथे नफा वाटून घेणारे भागधारक नाहीत, त्यामुळे येईल तो पैसा प्रशिक्षकांवर आणि इमारतींवर खर्च होतो. नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सास ए अँड एमने फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना करार संपण्याआधी हटवलं. करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं भाग होतं. न शिकवण्यासाठी एवढे पैसे निघतात, तर खेळणाऱ्यांसाठी निघत नाहीत हे पटत नाही. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला जास्तीत जास्त सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. ही कमाल मर्यादा आहे. ज्याला परवडत नाही त्याच्यावर देण्याची सक्ती नाही. मुलींबाबतची भीती अधिक खरी आहे. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून ठरलेल्या सुमारे 280 कोटी डॉलरचा बहुतांश हिस्सा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जातो. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स या खेळांवर कात्री चालण्याचा धोकाही आहे आणि अमेरिकेचं ऑलिंपिक पथक याच खेळांवर उभं राहतं. मात्र यावरचा उपाय 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्यातच आहे. शिक्षणसंस्थांमध्ये स्त्री-पुरुष भेदाला मनाई करणारा हा कायदा वाटपालाही काटेकोरपणे लावावा. मुलींच्या खेळाचा खर्च फुटबॉल खेळणाऱ्या गरीब घरच्या मुलाने बिनपगारी राबून सोसावा, हा न्याय होऊ शकत नाही.

गैरसमज 5: आता सगळ्यांना पगार मिळतो, प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: जाहिरातींचं उत्पन्न बाहेरून येतं, ऑल्स्टन निकालातले लाभ शिक्षणापुरते आहेत आणि कॉलेजकडून थेट रक्कम फक्त पहिल्या श्रेणीतल्या, तडजोडीत सामील झालेल्या संस्थांत मिळू शकते. बाकीच्या हजारो खेळाडूंच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला नाही. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांची तर कोंडीच आहे. त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करण्यावर कडक बंधनं असल्याने सहकाऱ्याला सहज मिळणारा जाहिरातीचा करार त्यांना जोखमीचा ठरतो. पालकांनी करारावर सही करण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. सर्वात मोठा प्रश्न मात्र खेळाडूच्या दर्जाचा आहे. 1955 मध्ये कोलोरॅडोतला एक कॉलेज खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ती नाकारली. आज ते विधान कुणी करू धजणार नाही, पण खेळाडूला कर्मचारी मानण्याची तयारी अजूनही नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, पण वर्ष संपताना त्यांना श्रमसंबंध मंडळाकडचा अर्ज मागे घ्यावा लागला. जुलै 2024 मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने, परिस्थितीनुसार कॉलेज खेळाडू कर्मचारी ठरू शकतात, एवढं दार किलकिलं केलं आहे.

व्यावसायिक लीगमध्येही पगारावर मर्यादा असतात, पण तिथे त्या खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरतात. कॉलेजमधली मर्यादा न्यायालयीन तडजोडीतून आली आहे आणि मैदानावरच्या मुलांची संघटना त्या चर्चेत नव्हती. त्यामुळे पुढची पायरी उघड आहे. कोट्यवधी कमावणाऱ्या खेळांतल्या खेळाडूंना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वाटाघाटीचा हक्क द्यावा. इतर सर्व खेळाडूंना, मग ते कोणत्याही श्रेणीतले असोत, दुखापतीनंतरच्या उपचारांची हमी मिळावी. आणि ज्याला शिष्यवृत्ती दिली, त्याची ती पदवी हाती पडेपर्यंत काढून घेऊ नये.