मोठं पान, छोटा खिसा

वाचायला पान मोठं हवं, पण खिसा काही वाढत नाही. मग वाचनयंत्राच्या पडद्याचीच घडी का घालू नये? अडचण काचेची. ई-शाईच्या पडद्यामागचं सर्किट सहसा काचेवर असतं आणि काच वाकत नाही. नेदरलँड्समधल्या पॉलिमर व्हिजन या कंपनीने ते लवचिक प्लास्टिकवर उतरवलं. त्यांच्या ‘रेडियस’ या वाचनयंत्राचा ५ इंची पडदा यंत्राभोवतीच गुंडाळता येई. वाकवताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबतो. म्हणून वर्तमानपत्रासारखी करकरीत घडी चालत नाही, चटईच्या गुंडाळीसारखी गोलाई लागते. २००९ साली कंपनीचं दिवाळं निघालं आणि रेडियस दुकानात पोहोचलाच नाही. २०१९ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या घडीच्या फोनमध्येही बिजागरीपाशी पडदा गोलाईतच वळतो.