हार्वेबाईंचा पोपट

सीबीडी बेलापूरहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. घरात एकच कॉकाटेल, तीही मादी. नर तिने जन्मात पाहिलेला नाही. तरी गणपतीपासून अंडी घालते आहे. घरचे अंडी काढून टाकतात, ती पुन्हा घालते. हे थांबवायचं कसं?

नराशिवाय अंडी कशी, याचं कोडं कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला पडणार नाही. पोल्ट्रीतल्या कोंबडीच्या आयुष्यात कोंबडा येतच नाही. नर लागतो तो अंड्यातून पिल्लू निघायला. ताईंच्या प्रश्नातली खरी गोम आहे ती अंडी थांबत का नाहीत यात. आणि या दुखण्याची एक फार जुनी, तपशीलवार हकिगत लिहून ठेवली आहे ती विल्यम हार्वेने. हो, तोच, शाळेत रक्ताभिसरणाच्या धड्यात भेटतो तो.

प्राण्यांच्या जन्मावरचं हार्वेचं पुस्तक १६५१ साली आलं. त्यात मध्येच तो बायकोच्या लाडक्या पोपटाची गोष्ट सांगायला लागतो. पोपट देखणा आणि बोलका. घरभर मोकळा फिरायचा, बाई दिसल्या नाहीत की हाका मारायचा, दिसल्या की चोच आणि पंजे रोवत त्यांच्या कपड्यांवरून वर चढायचा. मग मांडीवर बसून डोकं खाजवून घ्यायचं, पाठीवरून हात फिरवून घ्यायचा, आणि पंख फडफडवत हळू आवाजात खुशी व्यक्त करायची. इतका छान बोलतो म्हणजे नरच असणार, अशी हार्वेची खात्री. कित्येक वर्षं धडधाकट असलेला हा पक्षी एकदा आजारी पडला, त्याला झटके येऊ लागले आणि बाईंच्या मांडीवरच तो गेला. हार्वेने शवविच्छेदन केलं. अंडनलिकेत जवळजवळ पूर्ण झालेलं अंडं होतं, नासलेलं.

नर मिळाला नाही म्हणून असं झालं, असा हार्वेने अर्थ लावला. तो पटण्यासारखा नाही, पण निरीक्षण अव्वल. (पोपट बाईंचा, मांडी बाईंची, आणि शास्त्रात नाव यजमानांचं. असो.) पक्ष्यांचा आजचा डॉक्टर ही हकिगत वाचताना पाठीवरच्या हाताशी थबकेल. पोपटाच्या जातीत मादीच्या पाठीला स्पर्श होतो तो जोडीदाराचा, मीलनाच्या वेळी. तुम्ही लाडाने कुरवाळता, तिचा मेंदू त्याचा भलताच अर्थ लावतो. म्हणून हात डोकं आणि मान इथवरच. पाठ आणि पंखांखालची जागा वर्ज्य.

अंडं तयार होतं पोटात, पण त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो, आणि मेंदू पुरावे तपासत असतो. जोडीदार आहे का? खायला मुबलक आहे का? दिवस मोठा आहे का? घरट्याला जागा आहे का?

जोडीदाराच्या पुराव्याबद्दल एल. हॅरिसन मॅथ्यूज या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचा १९३९ सालचा एक छोटासा निबंध आहे. माझ्या मते त्याला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी कधीच मिळाली नाही. त्याने कबुतराच्या माद्या वेगवेगळ्या ठेवल्या. काचेपलीकडे दुसरं कबूतर दिसलं, मग ते नर असो वा मादी, तरी मादी अंडी घालायची. शेवटी त्याने नुसता आरसा ठेवला. अंडी आलीच! आणि आपण? पिंजरा घेतला की दुकानदार त्यात सगळ्यात आधी काय अडकवून देतो, तर आरसा. एकट्या जिवाला तेवढीच सोबत म्हणून. तो आधी काढा.

बाकीचे पुरावे फ्लॅटच पुरवतो. कॉकाटेल मूळची ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातली. तिथे पाऊस झाला, गवताला बी धरलं, की विणीला सुरुवात. बेलापुरात तिची वाटी राळ्याने आणि सूर्यफुलाच्या बियांनी बारा महिने भरलेली. सोफ्याखालचा अंधार, कपाटाचा उघडा खण, पुठ्ठ्याचं खोकं, पिंजऱ्यात टांगलेलं मडकं, ही सगळी तिच्या लेखी घरट्याची जागा.

राहिला दिवस. नवी मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. हॉलमध्ये मात्र रात्री बारापर्यंत ट्यूब चालू. पोल्ट्रीवाले अंडी वाढावीत म्हणून मुद्दाम सोळा तास उजेड देतात. आपण तेच नकळत करतो. डोळे मिटून बसलीय म्हणजे उजेड लागत नाही, असंही समजू नका. फ्रान्समध्ये झाक बेन्वाने १९३०च्या दशकात दाखवून दिलं होतं की बदकांचे डोळे निकामी केले तरी उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि प्रजननाची यंत्रणा जागी करतो. तेव्हा पिंजऱ्यावर पातळ ओढणी टाकून भागणार नाही. संध्याकाळी तिला शांत खोलीत न्या आणि बारा ते चौदा तास पक्का अंधार द्या.

आता काढून टाकलेली अंडी. १८८३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स फिलिप्सने फ्लिकर या सुतार पक्ष्याच्या घरट्यात एक अंडं ठेवून बाकीची रोज उचलायचा सपाटा लावला. मादीने ७३ दिवसांत ७१ अंडी घातली. पुरेशी जमली आहेत असं तिला कधी वाटलंच नाही. कॉकाटेलचंही तसंच. एका वेळची चार-सहा अंडी तिच्यापुढेच राहू द्या, नाहीतर प्लास्टिकची नकली ठेवा. तीनेक आठवडे उबवून कंटाळली, त्यांच्याकडे फिरकेनाशी झाली, की मग उचला.

कवचाचं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढत असते, म्हणून भरपाई हवीच. रंगीत बाटल्यांच्या आधी समुद्रफेस आणा. तो म्हणजे माकूलाच्या आतलं पांढरं हाड, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. मात्र ते कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि बंद काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नसतं. सकाळी पिंजरा बाल्कनीत, अर्धा सावलीत.

पिसं फुलवून ती तळाशी बसली, कुंथते आहे, शेपटी वरखाली होते आहे, पाय लटपटताहेत, तर अंडं अडकलं असं समजा. तेल लावून, पोट दाबून बघायचं नाही. आत फुटलं तर जिवावर बेततं. उबेत ठेवून तडक पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. अंडाशयच काढून टाका, असं मात्र त्यांना सांगू नका. पक्ष्याचं कामाचं अंडाशय एकच, डावं, आणि ते मोठ्या रक्तवाहिन्यांना इतकं चिकटलेलं की तिथे सहसा सुरी घालत नाहीत. अगदीच आवरेना तर डेस्लोरेलिन नावाचं औषध तांदळाच्या दाण्याएवढ्या कांडीतून कातडीखाली बसवतात. ते मेंदूचा हुकूमच बंद पाडतं, पण काही महिनेच.