*अर्धा पाइप म्हणजे अर्धं पाणी नव्हे! 💧*



टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून खानापूर, आटपाडीकडं बऱ्याच ठिकाणी बंद पाइपातून येतं. पाळी मात्र आपण घड्याळावर वाटतो. मग वाद होतो, "माझ्या वेळेला पाइप अर्धाच होता."

पाइप किती भरलाय यावरून पाणी कळत नाही. जास्त उतारावर पाणी पळतं, कमी उतारावर तेवढंच पाणी पाइप भरून दिसतं. साधा वॉटर मीटरही पाइप पूर्ण भरला तरच बरोबर दाखवतो. अशा वेळी *व्ही-नॉच* वापरा.

*कसं करायचं?*
१) पाइपाच्या तोंडाशी साधारण ६ फूट लांब, साडेतीन फूट रुंद हौद करा. मध्ये विटांची जाळी ठेवा, म्हणजे पाणी शांत होईल.
२) पुढच्या बाजूला २-३ मि.मी. जाडीचा लोखंडी पत्रा लावा. त्यात गुण्या लावून बरोबर ९० अंशाची व्ही खाच कापा, कडा धारदार ठेवा. खाचेचं टोक तळापासून दीड फूट वर हवं. पत्रा लेव्हलमध्ये बसवा.
३) खाचेपासून ३ फूट मागं हौदाच्या भिंतीला पट्टी लावा. पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या लेव्हलला.
४) खाचेतून पाणी मोकळं खाली पडलं पाहिजे. पुढं तुंबलं की माप चुकतं.

*पट्टीवरची उंची = सेकंदाला पाणी*
५ सें.मी. = ०.८ लिटर
१० सें.मी. = ४.४ लिटर
१५ सें.मी. = १२ लिटर
२० सें.मी. = २४.७ लिटर

बघा, उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीच्या वर जातं!

*हिशेब:* एकरी ५ सें.मी. पाणी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागतं. पट्टीवर १५ असेल तर साडेचार तासांच्या थोडं वर लागतात, १० असेल तर साडेबारा तास. फरक फक्त ५ सें.मी.चा, पण आठ तास जातात. शेवटच्या शेतकऱ्याचा ऊस इथंच वाळतो.

म्हणून पाळी तासावर नको, लिटरवर वाटा. दर तासाला पट्टी बघून वहीत लिहा, शेजाऱ्याची सही घ्या. पाळीआधी खाचेतला कचरा काढा.

पत्रा कापण्याआधी मापं ग्रुपवर टाका, तपासून देतो.

– आपला कृषी सल्लागार