फौजी परतल्यावर मागे राहिलेलं घर

१ मे २०१७ रोजी झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली. गावाकडची मालिका कोल्हापूरला नवी नव्हती. करवीर तालुक्यातल्या वसगड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण चालू होतं आणि त्यातल्या राणादा या नायकाचा वाडा बघायला लोक गाड्या करून जात होते. पण फौजेत जायचं एकच वेड डोक्यात घेतलेला अजिंक्य आणि त्याच्यावर जीव लावणारी शीतल पडद्यावर आली, तेव्हा शिरोळपासून चंदगडपर्यंतच्या कितीतरी घरांना आपलीच माणसं दिसली. तेजपाल वाघ यांचं लेखन, श्वेता शिंदे यांची निर्मिती, नितीश चव्हाण आणि शिवानी बावकर ही जोडी, आणि सातारी बोलीचा मोकळा वापर. कमल ठोके यांची जिजी तर प्रेक्षकांनी घरातलीच मानली. ठोके मूळच्या शिक्षिका. २०२० मध्ये त्या गेल्या, तेव्हा लोकांना आपली आजी गेल्यासारखं वाटलं.

चांदवडी हे मालिकेतलं गाव काल्पनिक. त्यामागचा मुलूख मात्र खरा आहे. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी आहे, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. फौजेचं नातं या गावांच्या नावातच आलं आहे. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली पोरंही येतात. कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ प्रादेशिक सेना बटालियन आहे आणि रेजिमेंटचं केंद्र बेळगावात, म्हणजे एसटीनं काही तासांवर. भरतीची तारीख लागली की पहाटे डांबरी रस्त्यांवर धावणारी पोरं इथं कुणालाही ओळखता येतात.

ती पोरं भरती झाल्यावर त्यांच्या घरात काय होतं, हा खरा मालिकेचा विषय.

अमेरिकेत याच विषयावर २००७ ते २०१३ या काळात ‘आर्मी वाइव्ह्ज’ ही मालिका चालली. तान्या बियांक या पत्रकार बाईच्या पुस्तकावर ती बेतलेली होती आणि तिचे सात हंगाम झाले. त्यातल्या बायका एकाच लष्करी तळावर शेजारी शेजारी राहतात. नवरे एकदम मोहिमेवर जातात, भीती एकदम येते, आणि शेजारणीला काही समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या मैत्रिणींच्या कंपूत एक पुरुषही आहे. त्याची बायको सैन्यात लेफ्टनंट कर्नल. आपल्याकडच्या छावण्यांमध्येही तसा शेजार मिळतो, आणि १९६६ पासून ‘आवा’ ही सैनिकपत्नींची संघटना तिथं काम करते आहे.

पण जवानाला क्वार्टर मिळतं ते पीस स्टेशनला, तेही नंबर लागल्यावर. फिल्ड पोस्टिंग आलं की बायको-मुलं गावी. जवान एकटाच मिरजेला जाऊन दिल्लीकडची गाडी धरतो आणि ती सासरच्या घरात राहते. दीर-नणंदा, ऊस, म्हशी, सासऱ्यांची औषधं, पोरांची शाळा. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती सगळी मिळाली तरी वर्षाचे नऊ महिने घर तिच्या हाती राहतं. ऊसतोडीची टोळी कधी आणायची, सोसायटीचं कर्ज कसं फेडायचं, हे तीच बघते. मोबाइल येण्याआधी लष्करी टपालाचा ‘५६ एपीओ’ हा शिक्का असलेलं पत्र आणि मनीऑर्डर यांवर हा संसार चालायचा. आज व्हिडिओ कॉल आहे. मात्र काही चौक्यांवर रेंज नसते, आणि त्या दिवसांत बातम्या लावायच्या की नाही हे तिचं तीच ठरवते.

कागदांचं कामही मोठं आहे. लग्न झालं की जवानाच्या नोंदीत बायकोचं नाव चढवणारी ‘पार्ट टू ऑर्डर’ निघावी लागते. मूल झालं की पुन्हा तेच. नाव चुकलं किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडतं. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिलाच हेलपाटे घालावे लागतात. दोन वर्षं रोज चालणाऱ्या मालिकेला या हेलपाट्यांसाठी भरपूर जागा होती. ‘लागिरं’नं बराच वेळ प्रेम, गावातली भांडणं आणि खलनायकांचे डाव यांवर घालवला. तरी फौजीची बायको रोज संध्याकाळी घराघरांत नेली, हे श्रेय या मालिकेचंच.

ती मालिका सुरू झाली तेव्हा साताऱ्याच्याच एका वीरपत्नीचं खडतर प्रशिक्षण चेन्नईत चालू होतं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई; भरतीचं वय उलटून गेलेलं. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल झाली आणि निवडीच्या बाकी साऱ्या परीक्षा पार करून त्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत दाखल झाल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट म्हणून बाहेर पडल्या. पुढे २०२० मध्ये विरारच्या गौरी महाडिक आणि मीरा रोडच्या कनिका राणे याच वाटेनं गेल्या. गौरींचे पती मेजर प्रसाद महाडिक आणि कनिकांचे पती मेजर कौस्तुभ राणे, दोघांनाही सेवेत असताना मृत्यू आला होता. या तिघींच्या आयुष्यावर मराठीत एक नेकीनं लिहिलेली मालिका व्हायला हवी. त्यात मुलांना मागे ठेवून प्रशिक्षणाला जाताना काय पणाला लागतं, तेही यायला हवं.

आज ‘लागिरं’ नव्यानं लिहायची झाली, तर अजिंक्य-शीतलचं लग्न लांबणीवर टाकावं लागेल. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. या योजनेतून भरती होणारा जवान म्हणजे अग्निवीर. तो अविवाहित हवा आणि सेवेच्या चार वर्षांत त्याला लग्न करता येत नाही. रजा वर्षाला ३० दिवस. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतात, निवृत्तिवेतनाशिवाय. फौजी जावई म्हणजे पेन्शन, कँटीन आणि घराण्याचा मान, असा हिशेब धरून इकडे पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी जमल्या. आता पोराचे कायम झाल्याचे कागद हातात येईपर्यंत शीतलच्या वडिलांना थांबावं लागेल, आणि तेवढी वर्षं स्थळं परतवायचं काम शीतललाच करावं लागेल.