अश्रूंची जाहिरात आणि दानाचा हिशेब

स्टेशनबाहेर हातात पडणारे पत्रक असो की मोबाईलवर आलेला फोटो, चित्र बहुधा एकच असते. डावीकडे गटाराच्या कडेला पडलेला माणूस. उजवीकडे तोच माणूस इस्त्रीच्या शर्टात हसताना. मध्ये रडणारे मूल. खाली ओळ असते, तुमचे पाचशे रुपये एक संसार वाचवतील. आणि त्याखाली पैसे पाठवायचा चौकोनी कोड.

आपल्या पनवेलच्या वस्त्यांत हे चित्र पाहून कोणाचे मन हलणार नाही? दारूने मोडलेले घर आपण परक्याकडून ऐकलेले नाही. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे व्यसनमुक्तीचे नाव निघाले की हात खिशाकडे जातोच. तो जावा. पण भगवान बुद्धांनी करुणेच्या जोडीला प्रज्ञा सांगितली आहे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे त्यांनी कालामांना बजावले. मग हे पत्रक तरी न तपासता का मानायचे?

चेहरा दिसतो, हिशेब दिसत नाही

अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. काही लोकांना आफ्रिकेतील माली देशातील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीची हकीकत दिली. दुसऱ्यांना लाखो उपाशी माणसांचे आकडे दिले. मुलीसाठी लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकड्यांसाठी १.१४ डॉलर. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले, तर देणगी १.४३ डॉलरवर आली. म्हणजे चेहऱ्याशेजारी आकडा ठेवला की माणूस विचार करू लागतो आणि हात आखडतो.

जाहिरात करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. म्हणून पत्रकावर चेहरा मोठा असतो आणि जमाखर्च नसतो. रोजच्या एका चहाचे पैसे, असे म्हणून रक्कम लहान करून दाखवतात. आजच द्या, उद्या उशीर होईल, अशी घाई करतात. आपल्या वस्तीत पत्रक वाटायचे असेल तर वर बाबासाहेबांचा फोटोही छापतात. या युक्त्या वापरणारी प्रत्येक संस्था खोटी असते असे नव्हे. चांगल्या संस्थेलाही पैसा लागतोच. पण युक्ती ही युक्तीच असते, पुरावा नव्हे.

दोन फोटोंचेही तसेच. व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे. सुटलेली दारू सहा महिन्यांनी पुन्हा लागू शकते, पुन्हा उपचार करावे लागतात. हसरा फोटो त्या एका दिवसाचा असतो. शेकडा अमुक इतके बरे झाले असे छापले असेल, तर किती दिवसांनी मोजले आणि मधेच निघून गेलेले धरले का, हे विचारलेच पाहिजे.

तो चेहरा कोणाचा?

खरा प्रश्न पुढेच आहे. गटाराकडेचा तो माणूस पुष्कळदा आपल्यातलाच कोणाचा तरी बाप, भाऊ, नवरा असतो. दारू सुटली तरी फोटो सुटत नाही. मुलगी शाळेत जाते, तिच्या लग्नाची बोलणी होतात, तो स्वतः कामाला लागतो, आणि तोच फोटो कोणाच्या तरी मोबाईलवर फिरत राहतो. माणूस उभा राहिला तरी त्याला पडलेलाच दाखवायचे, ही कसली करुणा?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांनाही लागू आहे. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही, असे त्याच्या २४व्या कलमात म्हटले आहे. माता-भगिनींनो, उपकाराच्या भरात फोटोच्या कागदावर सही करू नका. नाही म्हटले तरी उपचाराचा हक्क जात नाही.

मागण्याची दुसरी रीत

अश्रू न दाखवताही मागता येते. पुण्यातील मुक्तांगण १९८६ साली सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाची माहिती काढून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभे केले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना तर बाहेरच्यांची देणगीच घेत नाही. सभासद आपल्या ऐपतीप्रमाणे देतात आणि कोणाचे नाव वा चेहरा छापला जात नाही.

बाबासाहेबांनीही समाजाकडे मागितले होते. १९२८ साली ‘बहिष्कृत भारता’च्या अग्रलेखात त्यांनी विनामोबदला केलेले काम मांडले आणि हे ऋण फेडायचे की नाही, असा रोखठोक सवाल केला. त्यांनी समाजाची दया मागितली नाही, त्याला कर्तव्याची जाणीव दिली.

देण्यापूर्वी विचारा

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? नोंदणी क्रमांक असलेली पावती मिळेल का? गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब पाहायला मिळेल का? डॉक्टर कोण? घरी गेलेल्या रुग्णाची विचारपूस किती महिने होते? गरिबाला किती पैसे पडतात? सरळ उत्तर मिळाले तर खुशाल द्या, पाचशेचे हजार द्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांचा फोटो कोणत्याही पत्रकावर नाही. ते आपल्याच चाळीत आहेत. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. शेजारच्या भावाला केंद्रापर्यंत सोबत करा, त्याच्या मुलांना त्या दिवशी आपल्या घरी जेवू घाला. हेही दानच आहे, आणि त्याला जाहिरात लागत नाही.

जय भीम!